बोजादोर भूशिर ओलांडायला पोर्तुगीज खलाशी इतकी वर्षे का कचरत होते?

वाचनवेडा

सर्व जाणकारांना नमस्कार.

पोर्तुगिजांच्या सागरी मोहिमांचा इतिहास मी सध्या उलट्या क्रमाने वाचत आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या दहा वर्षे आधी बार्तोलोमेउ दियाशने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला, असे मागे मागे जात मी १४३४ या वर्षापाशी येऊन अडलो आहे. त्या वर्षी पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील लागोस बंदराचा जिल इयानेस नावाचा माणूस एक लहानसे गलबत घेऊन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोजादोर भूशिराच्या पलीकडे गेला आणि सुखरूप परत आला. त्यापूर्वी सलग बारा वर्षे पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री तेथे गलबते पाठवीत होता आणि ती सगळी भूशिराच्या अलीकडूनच माघारी फिरत होती, असे वाचनात आले.

माझी अडचण अशी आहे की नकाशावर हे भूशिर शोधायला गेले तर ते चटकन सापडतही नाही. किनाऱ्याला आलेला किंचित फुगवटा, यापलीकडे त्यात काही दिसत नाही. लोकप्रिय पुस्तकांत याचे स्पष्टीकरण ठरावीक असते: पलीकडचा समुद्र उकळतो, तेथील उन्हाने माणूस कोळशासारखा काळा पडतो, पाण्यात अक्राळविक्राळ प्राणी असतात, अशा समजुतींनी खलाशी घाबरले होते. मला हे पटत नाही. हेच लोक बिस्केच्या उपसागरातील वादळे अंगावर घेत उत्तरेला फ्लँडर्सपर्यंत (आजच्या बेल्जियमच्या किनाऱ्यापर्यंत) व्यापाराला जात होते. १४२० च्या सुमारास ते मदेरा बेटांवर वस्ती करू लागले होते आणि १४२७ च्या आसपास अझोरेस बेटांपर्यंत, म्हणजे भर महासागरात, पोहोचले होते. अशा माणसांनी केवळ कहाण्यांना भिऊन बारा वर्षे शेपूट घालावे, हे कसे मानायचे?

उलट बाजूने पाहिले तर अडथळा खरोखरच मोठा असेल, तर १४३४ साली एक लहान गलबत विशेष हानी न होता पलीकडे जाऊन येते, हेही विचित्र वाटते. तेव्हा त्या ठिकाणी प्रत्यक्षात काय होते आणि १४३४ मध्ये नेमके काय बदलले, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

शीडवाला

आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधताना नकाशा घटकाभर बाजूला ठेवावा आणि गलबतावर उभे राहून विचार करावा, असे मी सुचवेन. मला शिडाच्या लहान होड्या चालवण्याचा नाद आहे आणि त्यातून शिकलेली पहिली गोष्ट ही की, वारा पाठीशी असताना आपण मोठे दर्यावर्दी झालो असे प्रत्येकालाच वाटते. होडी वळवून घराकडे तोंड केले की खरी परीक्षा सुरू होते. बोजादोरची भीती मुख्यतः या परतीच्या प्रवासाची होती.

तेथील किनारा ढोबळमानाने ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जातो. त्या पट्ट्यात व्यापारी वारे ईशान्येकडूनच वाहतात, उन्हाळ्यात तर अधिक जोराने, आणि कॅनरी नावाचा शीत सागरी प्रवाहही किनाऱ्याला समांतर त्याच दिशेने सरकत असतो. त्यामुळे लागोसहून निघालेल्या गलबताला दक्षिणेकडे जाताना वारा मागून ढकलतो, पाणी खालून वाहून नेते आणि बाराशे-तेराशे किलोमीटरचे अंतर फारसे श्रम न करता कापले जाते. अनुभवी तांडेलाला नेमकी हीच गोष्ट खटकणार, कारण जितके सहज खाली आलो तितकेच कष्टाने वर चढावे लागणार, हे त्याला ठाऊक असते.

आता इयानेसचे गलबत डोळ्यांसमोर आणा. त्याला पोर्तुगीज भाषेत ‘बार्का’ म्हणत. एक डोलकाठी, तिच्यावर एक मोठे चौकोनी शीड, पूर्ण तक्तपोशी नसलेले बुटके लाकडी अंग आणि मोजकी माणसे, एवढाच त्याचा पसारा असे. चौकोनी शीड मागच्या वाऱ्यावर उत्तम ओढते, परंतु वारा नाळेच्या, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने येऊ लागला की ते उलटे फुगून डोलकाठीवर दाबले जाते आणि गलबत पुढे जाण्याऐवजी जागीच डोलू लागते किंवा मागे सरकते. वाऱ्याला तिरपे कापत, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढत वर चढायचे म्हटले, तरी या शिडाने होणारी चढाई अत्यल्प असते, आणि दरम्यान खालचा प्रवाह स्वस्थ बसलेला नसतो. तो ताशी अवघा अर्धा सागरी मैल धरला, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कितीतरी मंद, तरी एका दिवसात बारा सागरी मैल, अर्थात बावीस किलोमीटर मागे गेले. दिवसभर शिडे ओढून, दोऱ्या आवळून संध्याकाळी पाहावे तर किनाऱ्यावरची सकाळचीच टेकडी पुन्हा समोर उभी, असा तो प्रकार आहे.

वल्ही मारून येता येणार नाही का, असे कोणी विचारेल. बोजादोरपासून कॅनरी बेटांतील सर्वांत जवळच्या बेटापर्यंतचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. समोरून वारा आणि उलटा प्रवाह अशा स्थितीत मूठभर माणसांनी तेवढे अंतर वल्ह्यांवर काढायचे, तेही पिंपांतील पाणी संपण्याच्या आत. आणि संपलेच तर भरून घ्यायला किनाऱ्यावर नदी नाही, ओढा नाही, विहीर दाखवणारा माणूस नाही. सहाराचे वाळवंट तेथे थेट समुद्राला येऊन भिडते.

याखेरीज तेथे नीट दिसत नाही, ही वेगळीच कटकट आहे. वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड पाणी वर येते. त्यावर उबदार हवा आली की धुके धरते. वाळवंटातून वारा सुटला तर हवेत तांबूस धूळ भरते आणि भर दिवसा क्षितिज नाहीसे होते. जमीन सखल, वाळूची, खुणेला डोंगर नाही. पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ असल्याने लाटा किनाऱ्यापासून दूरच फुटू लागतात, आणि धुक्यातून फक्त तो गडगडाट ऐकू येत असतो. अशा वेळी नाळेवर उभा राहिलेला खलाशी शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजतो, तिच्या खुणा बोटांनी चाचपतो आणि दर वेळी आधीपेक्षा कमी आकडा ओरडून सांगतो, हे चित्र मनात आणले तरी गलबत माघारी वळवणाऱ्या तांडेलाला भित्रा म्हणण्याचे धाडस निदान मला तरी होत नाही.

उकळत्या समुद्राबद्दल माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. तळाच्या थंड पाण्याबरोबर माशांचे भरपूर खाद्य वर येत असल्यामुळे हा किनारा सार्डिन माशांसाठी प्रसिद्ध आहे. या माशांचा मोठा थवा पृष्ठभागाशी आला की पाणी खदखदल्यासारखे दिसते. उथळ पाण्यावर फुटणाऱ्या लाटा, धुळीने लालसर झालेला प्रकाश आणि हे खदखदणारे पाणी एकत्र पाहिलेल्या माणसाने बंदरावर परतून काय सांगितले असेल, याची कल्पना करता येते.

दफ्तरी

शीडवाला यांनी वारा-पाण्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी कागदाच्या बाजूने भर घालतो, कारण या प्रकरणाचा मुख्य आधार म्हणजे पोर्तुगालचा राजदरबारी बखरकार गोमेश इयानेस द झुरारा याने १४५३ च्या सुमारास पूर्ण केलेली गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, मोहिमांची बखर होय. (नावातील साम्य सोडले तर त्याचा आणि जिल इयानेसचा काही संबंध नाही.) झुरारा हा हेन्रीचा उघड स्तुतिपाठक आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याला वाचावे लागते, पण खलाशांच्या भीतीविषयी तो जे लिहितो ते आश्चर्य वाटावे इतके व्यवहारी आहे.

वाचनवेडा यांनी ज्या कहाण्यांचा उल्लेख केला, त्यांपैकी उकळणारा समुद्र किंवा काळी पडणारी माणसे झुराराने दिलेल्या कारणांत नाहीतच. त्याचे खलाशी म्हणतात की या भूशिरापलीकडे मनुष्यवस्ती नाही; जमीन लिबियाच्या वाळवंटाइतकीच रेताड, तेथे पाणी नाही, झाड नाही, हिरवे गवत नाही; समुद्र इतका उथळ की जमिनीपासून एक लीग, म्हणजे आपल्या हिशेबाने पाचसहा किलोमीटर, आत गेले तरी पाणी वावभरच, म्हणजे जेमतेम पुरुषभर, खोल; आणि प्रवाह एवढे प्रबळ की पलीकडे गेलेले गलबत कधीच परत येणार नाही. शीडवाला यांनी वर जे सांगितले, त्याचाच हा पंधराव्या शतकातील गोषवारा म्हणायला हरकत नाही. आकडे फुगवलेले असतील, परंतु निरीक्षणे अचूक आहेत.

या कारणांना जोडून खलाशी आणखी एक युक्तिवाद करतात आणि माझ्या मते तो सर्वांत बोलका आहे. आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली सीमा आपण का ओलांडावी, असे विचारून ते म्हणतात की जाणूनबुजून अशा ठिकाणी जाणे म्हणजे स्वतःचाच खून करणे होय, आणि त्यात देहाबरोबर आत्माही गमवावा लागेल. आत्महत्या हे ख्रिस्ती धर्मात महापाप आहे. म्हणजे मालकाच्या हुकमाला धर्माच्याच आधाराने दिलेला हा नकार होता आणि तो खोडून काढणे धर्मशील राजपुत्रालाही सोपे नव्हते.

आता थोडे कटू बोलतो. माघारी फिरण्यात या लोकांचे फारसे नुकसान नव्हते. झुरारा स्वतःच लिहितो की भूशिर न ओलांडता फिरलेल्यांपैकी काही जण दक्षिण स्पेनमधील ग्रानादाच्या किनाऱ्यावर, तर काही भूमध्य समुद्रात पूर्वेकडे जाऊन मुसलमानांची गलबते आणि गावे लुटत, ती लूट घेऊन मानाने परतत, आणि राजपुत्र त्यांना न रागावता बक्षीस देऊन पुढच्या वर्षी पुन्हा पाठवीत असे. एका हाताला वाळू आणि धुके, दुसऱ्या हाताला लुटीचा हमखास वाटा. शिवाय रिकाम्या हाताने आल्याबद्दल शिक्षा नाही. अशा व्यवस्थेत बारा वर्षे कशी निघून गेली याचे मला तरी नवल वाटत नाही. भीती खरी होतीच, पण ती सोयीचीही होती.

१४३३ साली जिल इयानेसनेही हेच केले. तो हेन्रीच्या पदरचा माणूस होता. बोजादोरच्या वाटेवर निघाला, बाकीच्यांसारखाच कचरला, कॅनरी बेटांकडे वळला, तेथील काही रहिवासी पकडून आणले आणि घरी आला. पुढच्या वर्षी हेन्रीने त्याला बोलावून घेऊन जे सुनावले, ते झुराराने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा: धोका कितीही मोठा असला तरी बक्षिसाची आशा त्याहून मोठी असेल, या सांगोवांगीच्या गोष्टींना काही आधार असता तर मी तुम्हाला दोष दिला नसता, परंतु तुम्ही मला चार खलाशांची मते ऐकवता, जे फ्लँडर्सची किंवा ओळखीच्या बंदरांची वाट सोडली तर होकायंत्र आणि सागरी नकाशा कसा वापरावा हेही जाणत नाहीत.

वाचनवेडा, आपल्या ‘काय बदलले’ या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या टोमण्यात आहे, असे मला वाटते. गलबत तेच होते, वारा तोच होता आणि माणूसही तोच होता. जमीन नजरेआड होऊ न देता, किनाऱ्याच्या खुणा ओळखत चालणाऱ्याला हे भूशिर खरोखरच अशक्य होते, कारण सारा धोका किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात होता. होकायंत्रावर भरवसा ठेवून समुद्रात दूरवर राहण्याची ज्याची तयारी असेल, त्याला ते ओलांडणे शक्य होते. आणि पहिल्या खेपेची लाज डोक्यावर असलेल्या इयानेसने या वेळी काहीही झाले तरी बातमी घेतल्याशिवाय राजपुत्राला तोंड दाखवायचे नाही, असा निश्चय केला होता.

पलीकडे जाऊन त्याने काय पाहिले? होडी उतरवून तो किनाऱ्यावर गेला. माणूस दिसला नाही, वस्तीची खूण दिसली नाही. मग आपण खरोखर येथे आलो होतो याचा पुरावा काय न्यायचा? वाळवंटात उगवलेली काही झुडपे त्याने मातीसकट उपटली, एका पिंपात लावली आणि ते पिंप लागोसला आणले. पोर्तुगालमध्ये या वनस्पतीला ‘सांता मारियाचे गुलाब’ म्हणत, असे झुरारा सांगतो. ज्या भूमीवर हिरवे गवतही उगवत नाही अशी खलाशांची खात्री होती, तेथील झाड मातीसह दरबारात येऊन पोहोचले. हेन्रीला झालेल्या आनंदाला झुराराने बायबलमधील ‘वचनदत्त भूमीचे फळ’ पाहिल्याची उपमा दिली आहे, आणि त्याच बखरीत तो हेही मान्य करतो की काम म्हणून पाहिले तर हे कृत्य लहानच होते. केवळ धाडसामुळे ते मोठे गणले गेले.

नकाशाप्रेमी

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले. मात्र ‘बोजादोर’ हे नाव ज्या सहजतेने सर्व जण घेत आहेत, त्याबाबत सावध करणे आवश्यक वाटते.

आज नकाशावर बोजादोर म्हणून दाखवले जाणारे भूशिर पश्चिम सहारामध्ये, सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. काही अभ्यासकांच्या मते इयानेसने ओलांडलेले भूशिर हे नसून त्याच्या उत्तरेला, जवळपास २८ अंशांवर, कॅनरी बेटांतील फुएर्तेव्हेंतुराच्या समोर असलेले जुबी भूशिर असावे. कारण जुन्या सागरी नकाशांत या किनाऱ्यावरची नावे वर-खाली सरकलेली आढळतात आणि उथळ पाण्याचे वर्णन जुबीला अधिक लागू पडते. आपल्याला नकाशावर काहीच दिसले नाही, वाचनवेडा, यात आपल्या नजरेचा दोष नाही. व्यक्तिशः मला हा वाद निकाली निघालेला वाटत नाही, तथापि वारा आणि प्रवाह दोन्ही ठिकाणी तोच असल्याने शीडवाला यांच्या विवेचनाला त्यामुळे बाध येत नाही.

दुसरे असे की, हा किनारा त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हता, असे नाही. जिनोआचे उगोलिनो आणि वादिनो व्हिवाल्दी हे बंधू १२९१ मध्ये दोन गॅली (वल्ह्यांची लांब जहाजे) घेऊन जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडले आणि परत आले नाहीत. १३७५ च्या कॅटलान नकाशावर जौमे फेरेर नावाच्या, भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटाच्या माणसाचे जहाज चितारलेले असून, तो १३४६ च्या ऑगस्टमध्ये ‘सोन्याच्या नदी’कडे निघाल्याची नोंद शेजारी आहे, तो परतल्याची नोंद नाही. बंदराबंदरांतून सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टी होत्या आणि त्यांत राक्षस नव्हते, फक्त न परतलेली माणसे होती. बोजादोरच्या बरेच उत्तरेला ‘नाँव’ नावाचे एक भूशिर आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो आणि त्यावर कोटी करणारी म्हण प्रचलित होती की, नाँव भूशिर ओलांडणारा परत येईल, किंवा ‘नाँव’. भीतीची सीमा आधी तेथे होती. ती ओलांडल्यावर बोजादोरपाशी आली, एवढेच. बोजादोरला अरबीत ‘अबू खतर’ म्हणत, म्हणजे संकटाचा बाप.

वाचनवेडा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बारा वर्षांच्या माघारीमागे लुटीचाही भाग असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

आता दोन पूरक शंका विचारतो. पलीकडे जर नुसती वाळूच होती, तर पुढची गलबते कशासाठी गेली आणि त्यांना काय मिळाले? दुसरे, परतीचा वारा तर १४३४ नंतरही समोरूनच येत होता. मग पुढे शेकडो जहाजे त्या वाटेने नियमित ये-जा कशी करू लागली?

शीडवाला

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे १४४० च्या सुमारास या मोहिमांत बार्काची जागा कॅरावेल जहाजांनी घेतली. कॅरावेलवर त्रिकोणी शिडे असत. असे शीड तिरप्या लांब काठीवर ताणलेले असल्याने ते वाऱ्याच्या बरेच जवळून धरता येते; त्यामुळे नागमोडी वाटेने वर चढणे कष्टाचे राहिले तरी निष्फळ राहिले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिला जहाज लागत नाही, डोके लागते. समोरच्या वाऱ्याशी किनाऱ्यालगत झुंजण्याऐवजी त्याला उजव्या अंगावर घेऊन सरळ वायव्येला, भर समुद्रात निघून जायचे. घराची दिशा सुटते, जमीन दिसेनाशी होते, कित्येक दिवस आपण चुकीच्या बाजूला चाललो आहोत असे वाटत राहते. पण अझोरेस बेटांच्या अक्षांशांपर्यंत वर पोहोचले की पश्चिमी वारे सापडतात आणि तेच जहाजाला पाठीमागून ढकलत पोर्तुगालला आणून सोडतात. या फेऱ्याला पोर्तुगीज लोक ‘व्होल्ता दु मार’, म्हणजे समुद्राचा वळसा, म्हणू लागले. पुढे गिनीच्या मोहिमांचा तोच नेहमीचा परतीचा रस्ता झाला. माझ्यासारख्या हौशी माणसाला त्यातले अंतर सोपे वाटते, घराकडे पाठ फिरवणे अवघड वाटते.

दफ्तरी

पहिल्या शंकेविषयी. हेन्रीला हवे होते ते सोने. सहाराच्या पलीकडून उंटांच्या तांड्यांबरोबर उत्तर आफ्रिकेच्या बाजारांत सोने येते, हे पोर्तुगिजांना १४१५ साली सेउता शहर जिंकल्यापासून चांगलेच ठाऊक झाले होते आणि समुद्रमार्गे त्या सोन्याच्या उगमापर्यंत पोहोचता येईल, अशी त्याची अपेक्षा होती. सोने मात्र लगेच मिळाले नाही.

१४३५ मध्ये इयानेस आपल्या बार्कासह पुन्हा निघाला. त्याच्याबरोबर अफोन्सो गोन्साल्व्हेस बाल्दाया हा शिडे आणि वल्ही दोन्हींवर चालणारे मोठे जहाज घेऊन होता. बोजादोरपलीकडे सुमारे पन्नास लीग गेल्यावर त्यांना माणसे दिसली नाहीत, पण वाळूत माणसांच्या आणि उंटांच्या पावलांचे ठसे सापडले. वस्ती नसल्याची जी खात्री खलाशी देत होते, ती तेथे पुसली गेली. पुढच्या वर्षी बाल्दाया आणखी खाली गेला आणि दोन घोडे जहाजातून उतरवून, सतराएक वर्षांच्या दोन तरुणांना टेहळणीसाठी आत पाठवले. त्यांची भाले घेतलेल्या एकोणीस माणसांशी गाठ पडली, झटापट झाली आणि ते दोघे निसटून आले. एक खाडी त्यांना लागली, तिला नदी समजून त्यांनी ‘सोन्याची नदी’ असे नाव दिले. ती नदीही नव्हती आणि तेथे सोनेही नव्हते. तेथे पाणसिंहांसारखे दिसणारे सील मात्र हजारोंनी पहुडलेले होते. ते मारून त्यांची कातडी जहाजात भरली आणि मोहीम परतली. भूशिरापलीकडून आलेला पहिला व्यापारी माल म्हणजे ही कातडी.

१४३७ मध्ये मोरोक्कोतील तांजिएरवरील स्वारीत पोर्तुगिजांचा दारुण पराभव झाला, त्यात हेन्रीचा धाकटा भाऊ ओलीस राहिला आणि काही वर्षे या मोहिमा थंडावल्या. १४४१ पासून त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा आंताँव गोन्साल्व्हेस आणि नुनो त्रिस्ताँव यांनी किनाऱ्यावरील माणसे पकडून आणली. येथून सगळा नूर पालटला. वाळूवर ज्यांना विश्वास नव्हता त्यांना आता नफा दिसू लागला. ऑक्टोबर १४४३ मध्ये राजाच्या नावे काढलेल्या सनदेने बोजादोरच्या पलीकडे हेन्रीच्या परवानगीवाचून कोणीही जाऊ नये, असे ठरवले गेले. अकरा वर्षांपूर्वी जेथे मिन्नतवाऱ्या करून माणसे पाठवावी लागत होती, तेथे जाण्यासाठी आता परवाना लागू लागला. भूशिराचा हा प्रवास मला तरी त्या पिंपातल्या झुडपांपेक्षा अधिक सांगून जातो, आणि लोकप्रिय वर्णने नेमकी येथेच थांबतात म्हणून पुढचे मुद्दाम लिहितो.

१४४४ मध्ये लागोसच्या लोकांनी लान्सारोते याच्या नेतृत्वाखाली सहा कॅरावेल या किनाऱ्यावर नेल्या. आर्गिन बेटाच्या परिसरातील वस्त्यांवर छापे घालून त्यांनी २३५ माणसे धरली. ८ ऑगस्टला पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, या सर्वांना लागोसच्या बाहेर मैदानात आणून वाटण्या करण्यात आल्या. घोड्यावर बसलेला हेन्री तेथे हजर होता. पाचवा हिस्सा म्हणून ४६ माणसे त्याच्या वाट्याला आली. वाटण्या समान व्हाव्यात म्हणून बापाला मुलापासून, नवऱ्याला बायकोपासून वेगळे केले गेले, आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर आडव्या पडल्या, असे वर्णन खुद्द स्तुतिपाठक झुराराने केले आहे, आणि ते लिहिताना आपल्याला रडू आवरत नाही, असेही म्हटले आहे. त्याच बखरीत, ती जेथे थांबते त्या १४४८ सालापर्यंत आणलेल्या बंदिवानांची एकूण संख्या त्याने ९२७ दिली आहे.

त्या सहा कॅरावेलांच्या कप्तानांची नावेही झुरारा देतो. त्यांत लान्सारोतेपाठोपाठ जिल इयानेसचे नाव येते, आणि बोजादोर प्रथम ओलांडणारा तो हाच, अशी आठवण झुराराने तेथे करून दिली आहे.